सुईच्या भोकातून दिसलेलं दार

१

रविवारी सकाळी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात जायचं आणि नत्थुजींच्या भंगाराच्या दुकानात तासभर उकरत बसायचं, हा माझा चार वर्षांचा नेम. मी राहते अकोल्यात, विज्ञान शिकवते बार्शीटाकळीच्या शाळेत. नत्थुजींकडे बंद पडलेल्या स्टुडिओंमधून आलेला माल पोत्यांनी पडलेला असतो. जाम झालेले कॅमेरे, बल्ब उडालेले स्लाइड प्रोजेक्टर, एका डोळ्याच्या दुर्बिणी.

"मॅडम, याची तं काच फुटली हाय. काय करान याचं?" ते दर वेळी विचारत.

"काच नकोच आहे मला, नत्थुजी."

खरंच नको असे. घरी आणून मी पहिली ती काचच काढून टाकी. तिच्या जागी थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा बसवायचा, त्याला सुईनं भोक पाडायचं. सुईचं नुसतं टोक पलीकडे डोकावलं की थांबायचं. मग पॉलिश पेपरनं घासून कडा साफ करायच्या, खोक्याला आतून काळा रंग, सांध्यांवर काळी टेप. आत फिल्मऐवजी फोटोचा कागद. भोकावरची पट्टी उचलली की फोटो सुरू, लावली की बंद. उन्हात दोन मिनिटं पुरतात. घरात पाऊण तास लागतो, कधी जास्तही.

या कॅमेऱ्याची एक गंमत मी वर्गात नेहमी सांगते. अकोल्याच्या बसस्टँडवर एका दुपारी मी तो अर्धा तास उघडा ठेवला होता. केवढी गर्दी होती. फोटोत एकही माणूस आला नाही. चालणारं, बोलणारं, हात हलवणारं माणूस कागदावर टिकतच नाही. आला तो फक्त बाकावर गाढ झोपलेला एक म्हातारा, आणि तोही पुसट, कारण झोपेतही छाती वरखाली होते.

जे हलत नाही तेवढंच उरतं, असं मी मुलांना सांगायची. सांगताना बरं वाटायचं.

२

आरती माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन अमरावतीला गेली. तिची आई मनकर्णाबाई बार्शीटाकळीला गावाच्या कडेला राहते, घरामागे भाजीचा मळा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी काढायची, बाजारात नेऊन विकायची. आरतीचे वडील जानराव सहा वर्षांपूर्वी एका दुपारी पायात चपला घालून समोरच्या दारानं बाहेर गेले ते आलेच नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत तक्रार झाली, विहिरी पाहून झाल्या, नातेवाइकांकडे फोन झाले.

पहिली दोन वर्षं मनकर्णाबाई दारात बसून असायची. उंबरठ्याच्या आत, चौकटीला डोकं टेकून, डोळे रस्त्यावर. जेवायलाही उठवावं लागे. मग आरतीला मुलगी झाली त्या दिवशी ती उठली, अमरावतीला जाऊन महिनाभर राहिली, परत येऊन मळ्याला लागली. दारात बसणं सुटलं.

"सावरली गं ती," आरती मला म्हणाली होती. "तरी तू तिथंच शाळेत आहेस, अधूनमधून जात जा."

म्हणून मी शनिवारी सकाळची शाळा सुटली की मावशींकडे जाऊ लागले.

पहिला फोटो मी अगदी सहज काढला. त्यांच्या घराला एकामागे एक दोन खोल्या. मागच्या खोलीत धान्याच्या कोठीवर कॅमेरा ठेवला की पुढची खोली, कोपऱ्यातली बाज आणि उघडं दार एका रेषेत दिसतं. दिवसा ते दार मावशी कधीच लावत नसत. मी पट्टी उचलली आणि त्यांच्यासोबत मळ्यात गेले. पाऊण तास आम्ही दोघी वांगी तोडत होतो. त्या माझ्या नजरेसमोर होत्या. परत येऊन मी पट्टी लावली, चहा घेतला, एसटीनं घरी आले.

संध्याकाळी न्हाणीघरात लाल दिवा लावून कागद औषधात सोडला. अशा कागदावर आधी सगळं उलटं उमटतं. ऊन काळं, अंधार पांढरा. दाराचा काळा चौकोन वर आला. बाज आली. आणि दाराच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला, एक पांढरा आकार वर येऊ लागला.

मी कागद धुतला, वाळवला, त्याची सुलट प्रत काढली. उंबरठ्याशी पाठमोरी बाई बसली होती. डोक्यावर पदर, डोकं चौकटीला टेकलेलं. उजव्या कोपराशी लुगड्याला ठिगळ होतं, त्याचे टाकेही मोजता आले असते.

३

मी विज्ञान शिकवते. घाबरायच्या आधी मला कारणं सुचतात.

कागद जुना होता, नत्थुजींकडच्या एका फुटक्या पेटीतला. त्यावर आधीच कुणाचं काही उमटलेलं असेल. किंवा खोक्याला कुठं फट असेल. किंवा मावशी मध्येच घरात येऊन बसल्या असतील आणि मला कळलं नसेल. हे शेवटचं मीच खोडून काढलं, कारण आम्ही एकाच ओळीतली झाडं तोडत होतो आणि सबंध वेळ त्या मला आरतीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या.

मी सीलबंद नवा कागद मागवला. कॅमेराही बदलला, एका स्लाइड प्रोजेक्टरचं लोखंडी खोकं घेऊन दुसरा केला. आणि दिवस असा निवडला की मावशी गावातच नसतील. शुक्रवारी मी रजा टाकली. त्यांना डोळे दाखवायला अकोल्याला न्यायचं होतं. सकाळी आठला निघताना कोठीवर नवं खोकं ठेवलं. भोक मुद्दाम जास्त बारीक पाडलं होतं, दिवसभर उघडं राहिलं तरी चालेल असं. पट्टी उचलली आणि मागच्या मळ्यातून आम्ही स्टँडवर गेलो. दार मावशींनी उघडंच ठेवायला लावलं.

"लावून काय करू? चोरून काय नेईन कोणी? बाज?"

तीन वाजता परत आलो. मी पट्टी लावली आणि समोर रस्त्यापलीकडे पंक्चरचं दुकान आहे तिथं गेले. दुकान योगेशचं, तीन वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडून आलेला तरुण. दिवसभर तोंड या दाराकडे करूनच बसतो.

"आज घरात कुणी गेलं होतं का रे?"

"नाई मॅडम. दहापासून हाय मी. आत कोणी नाई गेलं."

घरी येऊन कागद औषधात सोडला.

बाई होती. त्याच जागी, तशीच. मोबाइलनं त्या दाराचे मी पंधरावीस फोटो काढले होते, त्यात रिकामा उंबरठा. इथं मात्र ती चौकटीइतकीच ठाशीव आली होती. पदराची किनार, कानातली कुडी, मानेवरचे बारीक केस. मी भिंग लावून पाहिलं आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. सात तास. बाकावरचा झोपलेला म्हातारा अर्ध्या तासात पुसट झाला होता. श्वास घेणारं माणूस इतकं स्पष्ट येत नाही.

४

पुढच्या शनिवारी मी मावशींचाच फोटो काढायचं ठरवलं. खऱ्या, चालत्याबोलत्या. मळ्यात भर उन्हात स्टूल मांडलं, पाठीला टेकू दिला.

"दोन मिनिटं हलायचं नाही, मावशी."

"मले काय सांगतं बसायचं? दोन वर्षं बसली मी."

त्या खरंच छान बसल्या. मी घड्याळ लावून पाहत होते, पापणीसुद्धा मोजकीच हलली.

फोटोत स्टूल आलं. मागचं काटेरी कुंपण आलं, मोटरचा पाइप आला. मावशीही आल्या, पण काचेवर वाफ धरावी तशा. त्यांच्या छातीतून पाइप सरळ आरपार दिसत होता.

त्यानंतर मी नको ते पाहू लागले. बाजारात मी त्यांच्या पोत्याशी जाऊन बसायची. गिऱ्हाईक यायचं, मेथीच्या जुड्या उलटसुलट करायचं आणि शेजारच्या दुकानदाराला विचारायचं, "हे कोणाचं हाय?" मावशी समोर बसलेल्या असायच्या. "माहं हाय माय," त्या म्हणायच्या, तेव्हा गिऱ्हाईक दचकायचं. मी त्यांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट चांगले आले. वजन तेवढं उतरतंय म्हणाले. कधी बोलता बोलता मावशी मधेच थांबत आणि त्यांचा चेहरा दाराच्या दिशेला वळे, घरात असोत की मळ्यात.

आरतीला फोन केला. फोटोंचं काही बोलले नाही. म्हटलं, आईला घेऊन जा.

"किती वेळा म्हटलं हर्षा. ती एकच सांगते, माहं मन लागत नाई, अर्धं तिथंच राह्यते. मी काय, बांधून आणू?"

मी फोन ठेवला आणि ते दोन फोटो पिशवीत घातले. ती बाई कुणाला दाखवायची असेल तर मावशींनाच, असं मला वाटलं. बरोबर होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

५

मावशींनी चष्मा लावला. फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

"हे मीच हाय."

"हो."

"कवा काढला?"

"आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो त्या दिवशी. तुम्ही माझ्यासोबत अकोल्यात होतात, मावशी."

त्या घाबरल्या नाहीत. मी तयार होऊन आले होते, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला होता. त्या फक्त अंगठ्यानं फोटोतल्या पाठीवरून हळू हात फिरवत राहिल्या, तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"म्हंजे हे उठलीच नाई," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मी उठली होती न माय. आरतीचा निरोप आला, का पोरगी झाली. मले उठा लागलं. पन मन उठत नव्हतं. मीनं म्हटलं, चाल, उठ, तिकडं लेक एकली हाय. अन् उठली मी, तशीच, अर्धीमुर्धी. फाटकापाशी गेली तवा वाटलं का मांग काई तरी राह्यलं. वाटलं चष्मा राह्यला असन. पिशवीत पाह्यलं तं चष्मा होता."

बाहेरून ट्रॅक्टर गेला.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "घोटभर पानी नाई पेली ते. अन् मी मळ्यात गानं म्हनून राह्यली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःसाठी माणूस रडतं तसं ते नव्हतं. कुणाला तरी घरात उपाशी ठेवून आपण जेवलो, असं ते रडणं होतं.

"मले तिच्याशी बोला लागन," त्या म्हणाल्या. "तू बस आत. एकलीनं नाई होनार मायाच्यानं."

६

त्या दिवशी मी कॅमेरा उघडला नाही. कुणी रडत असताना दार लावून घ्यावं, तसं वाटलं.

चार वाजले होते. दार पश्चिमेला, त्यामुळे ऊन तिरपं आत येऊन फरशीवर पडतं. मी मागच्या खोलीच्या चौकटीत बसले. मावशींनी तांब्याभर पाणी नेऊन उंबरठ्याजवळ ठेवलं आणि वीतभर अंतर सोडून खाली बसल्या.

मी उगाच काहीतरी पाहायचं म्हणून उन्हाकडे पाहत होते. दाराएवढा चौकोन पडायला हवा होता. तो तसा नव्हता. त्याचा एक कोपरा कापलेला होता. एक खांदा. चौकटीला टेकलेलं एक डोकं.

मी मान वळवून दार पाहिलं. दारात कुणी नव्हतं. बाहेर भिंत नाही, झाड होतं ते रस्त्यापलीकडचं कडुनिंब, त्याची सावली रस्त्यातच संपत होती. मी हात पुढे करून उन्हात धरला. माझ्या हाताची सावली जिथं पडायला हवी तिथंच पडली. आठ आठवड्यांचे शनिवार मी ही फरशी ओलांडून चहा प्यायला जात होते, आणि हा कोपरा असाच कापलेला असणार.

"उठ बाई," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. "लय बसली तू. मी तुले टाकून गेली, माहं चुकलं. तवा लेकीकडं जा लागलं मले. आता पाय अकडले असन तुहे. हळू उठ. मी हाव इथं."

काही झालं नाही. माशी घोंगावत होती. पाण्यावर ऊन हलत होतं.

"वाट पाहाले मी हाव न," मावशी म्हणाल्या. "तू एकलीनं कायले पाहावं?"

तेव्हा फरशीवरची सावली हलली. झाडाची सावली हलते तशी नाही. गुडघे दुखणारं माणूस उठतं तशी, आधी एक हात खाली टेकवून, मग थांबून, मग कमरेवर हात ठेवून. ती उभी राहिली, लांब झाली, मावशींच्या मांडीवर आली, छातीवर आली. मी डोळे मिटले, हे मी कबूल करते. एक कण्हणं ऐकू आलं, "माय व" असं, पण ते एकाच गळ्यातून आलं का दोन, हे मला ठरवता आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा उन्हाचा चौकोन पुरा होता. मावशी एका हातावर भार देऊन बसल्या होत्या, खांद्यावर पोतं पडावं तशा वाकून. त्यांनी तांब्या उचलला आणि खाली न ठेवता सगळा रिकामा केला.

७

त्या रात्रभर झोपल्या, मी शेजारी होते. सकाळी त्या उठून बसल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या पायांचा आवाज जाणवला. फरशीवर टाच जोरात पडत होती. आधी पडत नव्हती, हे तेव्हा कळलं.

चहा पुढे ठेवला. त्यांनी घेतला नाही.

"आलता आरतीचा बाप," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, स्वप्न सांगताहेत.

"दिवाळीच्या आदी. बाजाराचा दिवस होता, मी बाजारात होती. ते होती दारात. तो आला, निंबाखाली उभा राह्यला. दाढी वाढली होती, हातात पिशवी. पाहून राह्यला तिच्याकडं. तिनंही पाह्यलं. ते काय बोलन बिचारी? तिले पाहाचंच माहीत. उठता येत नाई, हाक मारता येत नाई. तो बराच वेळ उभा होता. त्याले वाटलं असन, हे पाहून राह्यली अन् उठत नाई. घरात घेत नाई मले."

त्या एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. हात जड होता, गरम होता.

माझं डोकं अजून कारणं शोधत होतं. मी योगेशकडे गेले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता.

"दिवाळीच्या आधी त्या निंबाखाली कुणी माणूस आला होता का? दाढीवाला, हातात पिशवी?"

"हो न. काकूचा पाहुना असन वाटलं. काकू दारातच बसून होती, पाहून राह्यली होती त्याले. मंग म्या कायले मधात बोलू?"

"काकू त्या दिवशी बाजारात होती, योगेश."

तो हसला. "काकू कुठं जाते बाजारात? रोज दारातच तं बसते. कालपर्यंत होती."

"मग मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं, आत कोनी गेलं काय. आत कोनी नव्हतं गेलं."

तो ट्यूब पुसू लागला. "तो मानूस डोक्यानं जरा कमी असन. म्या एकडाव चाय नेऊन देली, हातच पुढं नाई केला. तवापासून उभाच हाय."

"तेव्हापासून म्हणजे?"

"दिवाळीपासून." त्यानं पान्यानं निंबाकडे दाखवलं. "हे काय, उभा हाय न आताही."

निंबाखाली पालापाचोळा होता. एक शेळी बसली होती. मी त्याच झाडाखाली उभी राहून ऑटोची वाट पाहायची.

मी घरात गेले, लोखंडी खोकं आणलं, उंबरठ्यावर तोंड बाहेर करून ठेवलं आणि तीन तास पट्टी उघडी ठेवली. शेळी फोटोत आली नाही, मध्येच उठून गेली असावी. निंबाच्या बुंध्याला खांदा लावून उभा असलेला माणूस आला. दाढी, सदरा, पिशवी. चेहरा सरळ दाराकडे.

मी तो फोटो मावशींना दिला तेव्हा एक गोष्ट मला माहीत होती आणि एक नव्हती. जिवंत माणसाचंही असं काही मागे राहतं, हे मी पाहिलं होतं. मेलेल्याचं राहतं की नाही, ते मला माहीत नव्हतं.

मावशी निंबाखाली गेल्या. बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मायाच्यानं नाई उठत तो. ज्याचं त्यानंच उठवा लागते."

८

मावशी अमरावतीला आरतीकडे गेल्या. जाताना दार लावून कुलूप घातलं, मळा शेजाऱ्याला कसायला दिला. राजापेठेत आरतीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मी तिथं गच्चीत त्यांचा फोटो काढला, उन्हात, दोन मिनिटं. ठसठशीत आला. हनुवटीवरचं गोंदणही दिसत होतं. मागे पाण्याची टाकी होती, ती त्यांच्या आड पूर्ण झाकली गेली होती.

तो फोटो घेऊन आम्ही तिघी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. जाहिराती घेणारा माणूस भला होता.

"आजी, हरवलेल्या मानसाचा फोटो द्या लागते."

"त्यानं मले पाह्यलं पाह्यजे," मावशी म्हणाल्या. "म्या त्याले पाह्यलं हाय."

मजकूर त्यांनी सांगितला, आरतीनं लिहून घेतला. तो माणूस भाषा सुधारून देतो म्हणाला. मावशी नाही म्हणाल्या. जाहिरात अशी आली:

"आरतीच्या बाबाले. बाजाराच्या दिवशी दारात बसली होती ते पुरी मी नव्हती. मी असती तं उठली असती. मी अमरावतीले आरतीकडं हाव. नात चार वर्साची झाली. मनात काई ठेवू नका. या."

खाली माझा नंबर होता, कारण मावशींना फोन उचलता येत नाही आणि भलते फोन आरतीनं ऐकावेत असं मला वाटत नव्हतं.

तीन रविवार जाहिरात आली. फोन आले ते भलतेच. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, मी मधल्या सुट्टीत डबा उघडत असताना योगेशचा फोन आला.

"मॅडम, तो निंबाखालचा गेला आज."

मी वर्गाबाहेर आले. "कसा गेला?"

"एक म्हातारा आला सकाळी, दाढीवाला. हुबेहूब त्याच्यावानी, भाऊ असन. पह्यले त्यानं कुलपाकडं पाह्यलं, मंग निंबाखाली गेला. काई तरी बोलला त्याच्याशी. लय वेळ. मंग त्याले हात देला अन् दोघं स्टँडकडं निंघाले, हळूहळू. मले वाटलं पडते का काय, म्हनून म्या मांगंमांगं गेलो."

"मग?"

"दोघं गेले मॅडम, पन अकोल्याच्या बसमदी चढला एकच. दुसरा कुठं गेला, ध्यानातच नाई आलं माया. कंडक्टरले विचारून राह्यला होता, अमरावतीची बस कुठून भेटते म्हनून."